थेंबाच्या पोटातला खडा

ओरिएता पहाटे चारला टेकडी चढते.
खाली पॅसिफिक. तो दिसत नाही, नुसता खोकतो.
वर आठशे मीटरवर जाळ्या उभ्या,
व्हॉलीबॉलच्या नेटसारख्या, दुहेरी, काळ्या.
रात्रभर त्यांतून ढग आरपार जातो
आणि जाताना थोडं भाडं ठेवून जातो.

इथे पाऊस नाही. म्हणजे नाहीच.
तिच्या नऊ वर्षांच्या भाच्याने
छपरावरून पाणी ओघळताना कधी पाहिलेलं नाही.
त्याच्या लेखी पाणी म्हणजे कामांचाका,
समुद्रावरून रांगत येणारं धुकं,
धाग्याला धरून थांबलेलं,
थांबून जड झालेलं,
जड होऊन पन्हळीत टपकलेलं.

पिंपात काठी बुडवून ती वहीत मांडते :
मंगळवार, एकशे दहा लिटर.
बुधवार, पंच्याण्णव.
गुरुवार, वारा दक्षिणेचा, एकतीस.

आणि धुकं तर गुरुवारीच जास्त होतं!
पांढरंफेक, दाट,
हात पुढे केला तर बोटं परक्याची वाटावीत असं.
एवढा ढग अंगावरून गेला
आणि पिंपाचा तळ दिसतोय?

वाल्पराइसोहून फ्लोरिसा नावाची मुलगी आली होती,
लेझरच्या डब्यात थेंब मोजायला.
ओरिएता कणीक मळत होती, ती ओट्याला टेकून म्हणाली,
वाफेला एकटीने थेंब होता येत नाही, मावशी,
बसायला पाट लागतो तिला.
समुद्राच्या मिठाचा कण चालतो, वाळवंटाची धूळ चालते,
धुराड्यातलं गंधक तर फारच चालतं.

म्हणजे पीठ तेवढंच,
आणि पंगतीला माणसं दहापट?

हो. मग प्रत्येकाच्या पानात नखाएवढा पाव.

इतके हलके थेंब धाग्यावर आदळत नाहीत.
वाऱ्याबरोबर वळतात, जाळीला बगल देतात,
एकमेकांत मिसळून मोठेही होत नाहीत,
ना पिंपात पडतात ना समुद्रावर गळतात.
नुसते उजळतात.
वरून उपग्रहाला तो ढग
वाळत घातलेल्या चादरीसारखा लख्ख दिसतो,
आलेलं ऊन दारातूनच परत पाठवतो.

धुराडं दक्षिणेला. सत्तर किलोमीटर.
नोल्बेर्तोने तिथल्या भट्टीवर बावीस वर्षं काढली.
तो खिडकीशी बसून सगळं ऐकत होता.
म्हणजे मी रात्रपाळीला तांबं वितळवायचो, म्हणाला,
आणि इकडे तुझं पाणी चोरायचो.
कुणी हसलं नाही.
मग तोच हसला, खोकल्याची उबळ येईपर्यंत.

भट्टी बंद झाली त्या वर्षीची वही वेगळी आहे,
निळ्या पुठ्ठ्याची.
दक्षिणेचा वारा, एकशे चार.
दक्षिणेचा वारा, एकशे तेवीस.
भाच्याने टोमॅटोची चार रोपं लावली,
आणि ती जगलीसुद्धा.

ओरिएताने फ्लोरिसाला फोन केला, पेढे वाटावेत अशा आवाजात.
पलीकडे जरा वेळ शांतता.
चांगलं झालं, मावशी. खरंच चांगलं.
पण थेंब मोठे झाले की ढग मळकट होतो,
लवकर गळतो, लवकर विरतो,
आणि त्याने अडवलेलं ऊन मग समुद्र पितो.
धुराखाली काहीतरी झाकलेलं होतं, ते आता उघडं पडतंय.
किती?
ते नेमकं सांगता येत नाही. आमच्यातले म्हातारे
तीस वर्षं मोजतायत, अजून 'बहुधा' म्हणतात.

संध्याकाळी तिने नोल्बेर्तोला पिंपातलं पाणी दिलं.
त्याने पेला उजेडात धरला,
एक डोळा मिटून, हिरा पारखावा तसा.
प्रत्येकाच्या पोटात खडा असतो म्हणाली ना ती?
असतो.
मला दिसत नाही.
मलाही नाही. पी.

तो प्यायला. छातीवर हात ठेवून थोडा थांबला,
आत कुठल्या पाटावर काय येऊन बसलंय
याचा कानोसा घेत असल्यासारखा.

मग तिने वही ओढली.
शनिवार, एकशे अठरा.
पुढे शेऱ्याचा रकाना होता, वर्षानुवर्षं कोरा.
त्यात लिहिलं : ऊन फार.